जर्मन इंजिनाचं नाक

आमच्या घरात मोटार आली माझ्या लग्नाआधी आणि बिघडली माझ्या लग्नानंतर. त्यामुळे या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीतरी संबंध असावा, असं सासूबाईंना बरीच वर्षं वाटायचं. वास्तविक ती बिघडवली त्यांनीच.

आमचे हे रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायचे. लोणावळ्यात तेव्हा मोटारी असायच्या त्या मुंबईच्या बंगलेवाल्यांच्या, आणि त्याही शनिवार-रविवारपुरत्या. असेच एक बंगलेवाले शेठ कायमचे परदेशी निघाले आणि त्यांची जुनी विलायती गाडी ह्यांच्याकडे आली. काळी, लांबलचक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला फळ्या, आणि समोर बशीएवढाले दिवे. पुरुषाला गाडीचं वेड लागलं की तो रविवारी घरातल्या कुठल्याही कामाला हात लावत नाही, हे मला लग्न झाल्यावर लगेचच कळलं.

एका उन्हाळ्यात आम्ही तिघं खोपोलीहून घाट चढून येत होतो. खंडाळ्याला पोचेपर्यंत गाडीतून किटलीसारखी वाफ यायला लागली. ह्यांनी गाडी झाडाखाली लावली, बॉनेट उघडलं आणि ते पाय मोकळे करायला गेले. सासूबाईंना गाडीची दया आली. त्यांनी शेजारच्या घरातून गार पाण्याची कळशी मागून आणली आणि तापलेल्या इंजिनावर डोक्यापासून ओतली. देवळातली घंटा कुणीतरी एकदाच वाजवावी तसा आवाज झाला. इंजिनाचा ठोकळा या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकला होता.

"बैलाला धाप लागली तरी आपण पाणी दाखवतो," सासूबाई म्हणाल्या.

"दाखवतो, आई," हे म्हणाले. "अंगावर ओतत नाही."

त्यानंतर गाडी आमच्या अंगणात बरेच महिने उभी होती. मी तिच्यावर कुरडया वाळत घालायची. छप्पर चांगलं तापायचं.

मग घाटात एक परदेशी गाडी उलटली. आतली माणसं सुखरूप निघाली, पण गाडीचा पार चुरा झाला. ती कुठल्याशा वकिलातीतल्या साहेबाची, जर्मन बनावटीची, अगदी नवी होती. तिचं इंजिन मात्र जवळजवळ शाबूत राहिलं होतं. ते भंगारवाल्याकडे आल्याचं ह्यांना कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी गोणपाटात गुंडाळलेलं ते इंजिन बैलगाडीतून आमच्या दारात उतरलं. सासूबाईंनी बैलांना पाणी दाखवलं आणि इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही.

इंजिन बसवायला कुरवंड्याचे एक मिस्त्री आले. घरची भातशेती, आणि शेतीतून मोकळे झाले की आसपासचे ट्रक, जीपगाड्या आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. उंच, सडपातळ माणूस. त्यांना एखादी गोष्ट येत नाही, असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. फार तर "बगू की" म्हणायचे, आणि त्याचा अर्थ आम्हाला पुढे समजत गेला. त्यांनी गोणपाट काढलं, इंजिनाला दोन प्रदक्षिणा घातल्या, वाकून खालून बघितलं.

"भाऊ, ह्याचा कारबुरेटर कुटंय?"

"याला नसतोच," हे म्हणाले.

"नसतो म्हंजी?"

ह्यांनी समजावून सांगितलं, की आपल्या गाड्यांत कार्बुरेटर हवा आत ओढतो आणि तिच्यात पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो. या इंजिनात तसं नाही. यात एक पंप आहे, तो बारीक नळ्यांतून प्रत्येक सिलिंडरसाठी मोजून पेट्रोलची पिचकारी मारतो.

"म्हंजी रंगपंचमीच," मिस्त्री म्हणाले. "मंग मारा की पिचकारी."

"पंप फुटलाय."

मिस्त्रींनी पंप हातात घेतला. अपघातात त्याला सणसणीत भेग पडली होती. तो दुरुस्त करणारा माणूस मुंबईतसुद्धा नव्हता. जर्मनीला पाठवावा लागला असता, आणि आमच्याकडून तोवर तळेगावच्या पलीकडे काही पाठवलं गेलं नव्हतं.

"आसं हाय भाऊ," मिस्त्री खाली बसत म्हणाले, "कारबुरेटर म्हंजी इंजिनाचं नाक. ह्याला नाकच न्हाई. बिननाकाचं इंजिन हितं जगायचं न्हाई. आपुन ह्याला नाक बसवू."

मोडीत निघालेल्या एका जीपचं नाक त्यांच्याकडे होतंच. पिचकाऱ्यांची भोकं त्यांनी लेथवर बुचं करून बंद केली. अडचण उरली ती मधल्या नळीची. जीपचं नाक आणि जर्मन इंजिन यांचा एकमेकांशी काहीच मेळ नव्हता. वर एक तोंड आणि खाली चार पाय, अशी नळी नवीन ओतून घ्यायला हवी होती. ह्यांनी कचेरीतल्या कागदावर तिचा असा देखणा नकाशा काढला की तो काही दिवस आमच्या भिंतीवर टांगलेला होता. मिस्त्रींनी नकाशाला मान डोलावली आणि जाता जाता एवढंच सांगितलं, "नळीला जर्मन लागंल."

इथे घोटाळा झाला. इंजिन जर्मन, म्हणजे नळीही जर्मनीचीच लागणार, असं ह्यांनी धरलं. ते दोन रविवार पुण्यात सुटे भाग विकणाऱ्यांकडे हिंडले. मुंबईला साहेबांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला भेटून आले. चेहरा उतरवून परत यायचे आणि म्हणायचे, "जर्मन मिळत नाही." मिस्त्री आले की विचारायचे, "भाऊ, जर्मन गावला का?" आणि "नाही" म्हटल्यावर त्यांच्याकडे विचित्र नजरेनं बघायचे. तिसऱ्या खेपेला मात्र त्यांना राहवलं नाही. ते चहाची बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि त्यांनी फळीकडे बोट केलं.

"आवं, जर्मन न्हाई कसा? ही काय सारी फळी भरलीया."

फळीवर माझी माहेरून आणलेली जर्मनची पातेली होती. एकात एक बसणारी, मोठ्यापासून लहानापर्यंत. ॲल्युमिनियमला आमच्याकडे सगळे जर्मनच म्हणतात, हे ह्यांनाही ठाऊक होतं. पण अंगणात खरं जर्मन इंजिन येऊन पडल्यापासून त्यांच्या डोक्यात तो शब्द जर्मनीत जाऊन बसला होता. ते फळीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघायला लागले.

"नाही," मी म्हणाले.

सासूबाई ताबडतोब म्हणाल्या, "माझी सगळी पितळेची आहेत बाई. माझी दिली असती."

गेली माझी पातेली. वडगावच्या एका ओताऱ्यानं ती वितळवली आणि त्यांची नळी ओतून दिली. तळाला भात लागलेलं पातेलंही त्यात होतं. ते मी घासून देत होते, तेव्हा ओतारी म्हणाला की वितळवायचंय, घासू नका. आयुष्यात भांडं घासू नका असं मला सांगणारा तो एकच माणूस भेटला. पुढे माझे वडील आमच्याकडे आले, फळीवर पातेली दिसली नाहीत म्हणून चौकशी करायला लागले, तेव्हा ह्यांनी त्यांना अंगणात नेऊन बॉनेट उघडून दाखवलं. वडील शिक्षक होते, जपून बोलायचे. त्यांनी नळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उपयोगात आली म्हणायची."

पहिल्यांदा गाडी सुरू करायची ठरली तेव्हा शेजारपाजारचे जमले. जर्मन गाडीचा पेट्रोल चढवणारा एक विजेचा पंपही इंजिनाबरोबर आला होता आणि तो धडधाकट होता. चांगली वस्तू वाया कशाला घालवायची, म्हणून दोघांनी तो जीपच्या नाकाला जोडला होता. पिचकारीच्या कामाचा पंप तो, त्याचा जोर केवढा. ह्यांनी किल्ली फिरवल्याबरोबर नाकातून पेट्रोलचं कारंजं उडालं आणि मिस्त्री डोक्यापासून सदऱ्यापर्यंत भिजले. बिडी ओढणारे एक शेजारी कुंपणापाशी उभे होते. ते कुणी न सांगता रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

"ह्यो पंप लय तालेवार हाय," मिस्त्री डोळे पुसत म्हणाले. "आपल्या नाकाला सोसायचा न्हाई."

मग पंपच नको असं ठरलं. मिस्त्रींनी गाडीच्या छपरावर तेलाचा रिकामा डबा पक्का बांधला, त्याला खाली नळी लावली आणि ती काचेच्या कडेनं बॉनेटमध्ये आणली. पेट्रोल आपल्या वजनानं उतरणार. सासूबाईंनी छपराकडे बघितलं.

"म्हणजे आपण पेट्रोलखाली बसायचं."

"व्हय मावशी," मिस्त्री म्हणाले. "सावली बी पडंल."

यावेळी इंजिन सुरू झालं. ओतकामात बारीक भोकं राहिल्यामुळे माझ्या पातेल्यांतून शिट्टी वाजत होती. तिथे मिस्त्रींनी कपडे धुण्याचा साबण चोळला. शिट्टी थांबली आणि पहिले काही दिवस गाडीला साबणाचा वास येत राहिला. पण इंजिन चाललं. हे त्या दिवशी जेवताना तीनदा उठून अंगणात जाऊन आले.

कुरवंड्याची जत्रा जवळ आली होती. मिस्त्रींनी आम्हाला जेवायला बोलावलं, आणि गाडीतूनच यायचं, अशी अट घातली. आपण कसलं काम केलंय ते गावानं बघावं, अशी त्यांची इच्छा होती. आम्हाला न्यायला ते स्वतः सकाळी चालत आले. मी ठेवणीतलं पातळ नेसले. सासूबाई मागच्या सीटवर मधोमध बसल्या, हे आणि मिस्त्री पुढे, मी सासूबाईंच्या बाजूला अंग चोरून.

गावाबाहेर पडेपर्यंत गाडी रेशमासारखी चालली. पहिला चढ लागला आणि इंजिनानं दोन आचके देऊन प्राण सोडला. गाडी घरंगळत मागे सपाटीवर आली, सुरू केली, लगेच सुरू झाली. पुन्हा चढ, पुन्हा आचके. मिस्त्री छपरावर चढले आणि त्यांनी डबा पुढे सरकवला. पुन्हा तेच. डबा आणखी उंच करायला खाली माझी पिशवी ठेवली. तिच्यात त्यांच्या घरी द्यायचे लाडू होते. तरीही तेच.

"घरी चल," सासूबाई म्हणाल्या. "फिरव गाडी."

रस्ता अरुंद होता. गाडी वळवण्यासाठी ह्यांनी ती आडवी घातली, आणि मागचं टोक चढाकडे करून रिव्हर्स टाकला. गाडी तडफेनं चढावर गेली. कचकन ब्रेक लावून ह्यांनी मागे बघितलं. मिस्त्रींनीही बघितलं.

"भाऊ, आणखी थोडं घ्या बरं मागं."

ह्यांनी घेतलं. गाडी काळा धूर सोडत, पण न अडखळता मागे चढत गेली. शेवटी मिस्त्री म्हणाले, "बगू की," आणि उतरून बाहेरच्या फळीवर उभे राहिले.

अशा रीतीनं आम्ही उलटे कुरवंड्याला निघालो. ह्यांची मान दुखायला लागली आणि मागचं नीट दिसेना, म्हणून सासूबाई सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून बघायला लागल्या. त्या क्षणापासून गाडी त्यांच्या ताब्यात गेली.

"डावीकडे घे."

हे डावीकडे गेले. गाडी करवंदीच्या जाळीत शिरली.

"तुझ्या डावीकडे नाही. माझ्या."

"आई, डावं एकच असतं."

"तू पाठमोरा बसलायस. रस्ता मला दिसतोय. माझं डावं."

हे पाठमोरे बसलेत की सासूबाई, यावर एक वळण वाद चालला. त्यानंतर मात्र त्या नुसतं "जाळीकडे", "बांधाकडे", "म्हशीकडे नको" असं सांगायला लागल्या आणि काम सुरळीत झालं. मी पुढच्या काचेतून मागे जाणारं लोणावळं बघत होते. असा प्रवास मी पुन्हा केला नाही. काय येतंय ते दिसत नाही, काय गेलं ते मात्र अगदी स्वच्छ दिसतं.

वाटेत एक म्हातारबुवा गुरं घेऊन निघाले होते. ते काठी टेकून थांबले.

"तुमी येताय का चाललाय?"

"येतोय," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या.

"मंग तोंड तिकडं का?"

"घाटावरची गाडी हाय आबा," मिस्त्री फळीवरून म्हणाले. "अशीच आसती."

म्हातारबुवांचं समाधान झालं. त्यांनी गुरं बाजूला घेतली.

देवळापुढच्या मोकळ्या जागेत गावची माणसं जमलेली होती. मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवल्यामुळे हार आणि नारळ तयार होते. गाडी आली ती पाठ पुढे करून. मागच्या काचेत सासूबाईंचा चेहरा. गावानं तीच गाडीची पुढची बाजू धरली. एका पोक्त बाईंनी डिकीला हळदकुंकू लावलं, हार मागच्या बंपरला अडकवला, आणि नारळ फुटला तो धुराच्या नळकांड्यासमोर. कुणाला काही सांगावं असं मला वाटलं, पण मिस्त्री इतक्या गंभीरपणे हात जोडून उभे होते की मीही हात जोडले. सासूबाईंनी ओवाळून घेतलं.

जेवणं फार चांगली झाली. लाडवांना पेट्रोलचा किंचित वास होता, पण कुणी नावं ठेवली नाहीत. परतीला उतारच होता, त्यामुळे गाडी सरळ आली आणि सासूबाईंना वाटभर काही काम उरलं नाही.

पावसाळा जवळ येईपर्यंत आम्ही सगळे चढ उलटेच चढलो. सपाटीवर सरळ, चढ आला की गाडी फिरवायची. सासूबाईंनी मागच्या सीटवर गुडघ्यांखाली घ्यायला उशी शिवली. त्यांच्या मैत्रिणींना त्या सांगायच्या, "मुलगा चालवतो, पण बघावं मलाच लागतं." ह्यांच्या मानेला मात्र मी रोज तेल चोळत होते.

याचं कारण सापडलं ते एका रविवारी, चहा पिताना. मिस्त्री गाडीच्या मडगार्डवर एका अंगावर टेकले होते. त्यांनी चहा बशीत ओतला. बशी कलली होती, त्यामुळे चहा एका कडेला गोळा झाला आणि दुसरी कड कोरडी राहिली. ते प्यायचे थांबले. त्यांनी बशी दुसऱ्या बाजूला कलती केली. चहा इकडून तिकडे गेला. हे समोरच बसले होते. दोघांनी मिळून बशीकडे बराच वेळ बघितलं. चहा गार होतोय, असं मी म्हटलं तरी कुणी ऐकलं नाही.

कार्बुरेटरला पेट्रोल साठवायची एक वाटी असते. ती मिस्त्रींनी नाकाच्या मागच्या अंगाला येईल अशी बसवली होती. चढावर गाडीचं तोंड वर गेलं की वाटी खाली जायची आणि नाकापर्यंत पेट्रोल पोचायचंच नाही. उलटं चढलं की वाटी वर, म्हणून पोचायचं. डब्याचा काही दोष नव्हता.

"वाटी मागं कुणी घेतली?" ह्यांनी विचारलं.

"ॲक्शिलेटरची तार तिकडंच पोचत हुती," मिस्त्री म्हणाले.

"मग मी का काही बोललो नाही?"

"तुमी म्हनला, दिसाया चांगलं दिसतंय."

दोन बोल्ट सोडवून नाक फिरवायला, मला कणीक मळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. आता वाटी पुढे आली, पण तार उलट्या बाजूला गेली. मिस्त्रींनी ती वळसा घालून आणून जोडली. हे आत बसले, किल्ली फिरवली, आणि गाडीनं पाय न लावताच डरकाळी फोडली. ह्यांनी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला तर ती शांत झाली. तार आता उलटी ओढत होती. पाय दाबला की गाडी मंद, उचलला की जोरात.

अशा वेळी शहाणा माणूस खाली उतरतो. हे म्हणाले, "सवय होईल," आणि गल्लीतून फेरी मारायला निघाले. जाताना ठीक गेले. येताना दारापाशी थांबायला म्हणून त्यांनी सवयीनं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, आणि गाडी उडी मारून शेजाऱ्यांच्या कुंपणातून त्यांच्या तगरीच्या झाडापर्यंत गेली. शेजारी पायरीवर पेपर वाचत होते. हे तेच बिडी ओढणारे. त्यांनी पेपर खाली घेतला.

"आत या," ते म्हणाले.

सायकलच्या ब्रेकची दांडी मध्ये घालून मिस्त्रींनी तारेची ओढ सुलट केली, आणि आमची गाडी अखेर चारचौघींसारखी झाली. चढावर सरळ चढायला लागली. कुरवंड्याला पुन्हा गेलो तेव्हा लोकांनी तिला ओळखलंच नाही. मुलं म्हणाली, ती उलटी गाडी का नाही आणली. सासूबाईंनाही त्यात मजा वाटेना. मागे बसून नुसती तुमची डोकी बघायची, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून पुढची जागा त्यांना मिळाली. तिथूनही त्या डावंउजवं सांगायच्या, आणि एव्हाना ह्यांनाही ते ऐकल्याशिवाय वळता येईना.

गाडी त्यानंतर बरीच वर्षं चालली. ह्यांची बदली झाली तेव्हा ती विकायची ठरली. तिकोणा पेठेहून एक कोंबड्या पाळणारे गृहस्थ बघायला आले. अंडी न्यायला लांब गाडी हवी होती त्यांना. ह्यांनी बॉनेट उघडलं आणि इंजिन कुठून आलं, पिचकारी म्हणजे काय, नाक कसं बसवलं, वाटी पुढेच का हवी, इथपासून तिथपर्यंत सगळं सांगितलं. मध्ये मिस्त्रीही येऊन मिळाले आणि त्यांनी ते पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं. गृहस्थ टोपी हातात घेऊन ऐकत होते. ऊन कलायला लागलं.

"पन चालती न्हवं?" त्यांनी विचारलं.

"चालते," हे म्हणाले.

"मंग झालं की," ते म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.